शेवटच्या घरची हाक

संकट आलं की माणसं धावत सुटतात, हा गैरसमज कौस्तुभने नोकरीच्या पहिल्याच वर्षी टाकून दिला होता. भोंगा वाजला की माणूस आधी शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. शेजारी त्याच्याकडे बघत असतो. मग दोघे मिळून तिसऱ्याकडे बघतात, आणि तिसरा, एवढा मान आपल्याला जन्मात कोणी दिला नव्हता म्हणून, नाक्यावर उभा राहून उगाच हातवारे करू लागतो. पणजीच्या ऑफिसात कौस्तुभचं काम एवढंच होतं: पूर, आग, वादळ आलं तर कोण कोणाकडे बघेल, हे संगणकाला शिकवायचं. पडद्यावर गावाचा नकाशा, नकाशावर ठिपके. एक ठिपका म्हणजे एक माणूस. ठिपक्याला वय द्यायचं, चाल द्यायची आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खोड द्यायची. मग पाणी सोडायचं. काही ठिपके पोचत, काही अडकत. कुठे आणि का अडकले ते बघून रस्ता कुठे रुंद करावा हे सरकारला कळवायचं.

यंदा काम आलं ते त्याच्याच गावाचं. खाजणवाडी मालवणच्या उत्तरेला आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडीचा फाटा, आणि बाहेर पडायला एक अरुंद साकव, खाडीवरचा लहानसा पूल. साकवापलीकडे चढण, चढणीवर सडा म्हणजे उघडं कातळपठार, सड्यावर शाळा. वादळात सगळ्यांनी शाळेत जायचं, असा बेत.

खोडी लिहायला कौस्तुभला कोणाला विचारावं लागलं नाही. गणपत कोंबड्यासाठी परत फिरणार. कोंबडा सापडला की कोंबड्या आठवणार. रोझालिना टीचर कुलूप लावून निघणार, साकवापर्यंत जाणार आणि कुलूप नीट लागलं का ते बघायला परत येणार. आयुष्यभर पोरांची गणितं तपासली, स्वतःचं कुलूप एका खेपेत कसं मान्य होईल? सरपंच सत्यवान साकवाच्या तोंडावर उभा राहून ‘घाई करू नका’ सांगणार, आणि साकव अडणार तो नेमका त्याच्या पोटामुळे. हे सगळं कौस्तुभने गावी येऊन, पडवीत बसून, आईच्या हातची पेज पीत पीत भरलं.

एक प्रश्न मात्र घरोघर जाऊन विचारणं भाग होतं: तुम्ही घराबाहेर पडाल तो नेमका कशाने? शहरातले लोक सांगतात, भोंगा झाल्यावर, मोबाइलवर निरोप आल्यावर. खाजणवाडीत जो तो एकच सांगे: ‘हाक इली की.’

ही हाक पळणीची. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला की अख्खी खाजणवाडी गाव सोडते. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी शिवेपलीकडे, झावळांच्या झोपड्यांत. तीन रात्री गावात कोणी राहायचं नाही. ते दिवस गावातल्या दुसऱ्या रहिवाशांचे. हिंदू जातात, क्रिस्ताव जातात, आणि देव मानत नाही म्हणणारे सगळ्यात आधी जाऊन सावलीची जागा धरतात. निघायचं कसं, याची रीत ठरलेली. हाकेचा मान एका घराकडे असतो. त्या घरच्या पुरुषाने वेळेकडच्या, म्हणजे समुद्राकाठच्या, पहिल्या घरापासून सुरुवात करायची, प्रत्येक बेड्याशी, कुंपणाच्या फाटकाशी, थांबायचं, घरच्याचं नाव घेऊन ‘भायर ये’ म्हणायचं. आतल्याने बाहेर येऊन ‘इलंय’, म्हणजे आलो, म्हटल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. शेवटचं घर साकवाजवळचं, त्याचं स्वतःचं.

तो मान कौस्तुभच्या वडिलांकडे होता. नाव गंगाराम, पण गाव त्यांना भाई म्हणे.

कोण हाक मारील, असं विचारल्यावर लोक ‘भाई’ म्हणत आणि लगेच जीभ चावत. कारण मागच्या मोठ्या वादळात भाईंनी पळणीसारखीच हाक मारत गाव रिकामं केलं होतं. सगळे साकव ओलांडून गेले, कोंबडासुद्धा. भाई मात्र आले नाहीत. खाडी चढली, उतरली. चिखल उपसून झाला, तिवरं धुंडाळून झाली, पण काही सापडलं नाही. कौस्तुभ तेव्हा पुण्यात होता आणि आई तिच्या भावाच्या आजारपणात फोंडाघाटला. गावची वाट न् वाट ठाऊक असलेला, पोहणारा, धडधाकट माणूस रिकाम्या गावात थांबला कशाला, हे कोणाला उमगलं नाही.

फक्त रोझालिना टीचरनी जीभ चावली नाही. भाईच मारतील हाक, असं त्या सरळ म्हणाल्या. त्यांनी कौस्तुभला सांजवेळी आपल्या पायरीवर बसवलं आणि कुत्री ऐकायला सांगितली. आधी वेळेकडचं कुत्रं भुंकलं. ते थांबलं, पुढच्या घरचं उठलं. मग त्याच्या पुढचं. घरामागून घर, कोणीतरी चालत यावं तसं. गणपतच्या कुत्र्याचं भुंकून झालं आणि आवाज रस्ता सोडून बांधावरून टीचरच्या आडवळणाच्या घराकडे आला. पायाशी निजलेला टीचरचा कुत्रा उठला, बेड्याकडे तोंड करून थोडा भुंकला, आणि शेपटी हलवून परत निजला.

“वाऱ्याक क्रम नसता, बाबू,” त्या म्हणाल्या. “ह्याका आसा. एका पळणीक तुझो बापूस माझ्या घराक इसारलो. मी तेका वर्षभर बोलत होतंय. तेच्यानंतर तो बांधावरसून हयसर येवन मगेच फुडे जाय.”

शेवटचं भुंकणं कौस्तुभच्या घराशी झालं आणि बंद पडलं.

कौस्तुभ शिकलेला माणूस. घाबरला तरी त्याला कारण जोडून घाबरे. घरी येऊन त्याने कामाला हात घातला. गाव हाकेने निघतं, तर नकाशात हाक मारणारा हवा. तो नसला तर काय होतं, ते त्याने एकदा पाहिलं होतं: सगळे ठिपके आपापल्या घरात, दाराशी आलेले, उंबऱ्यावर, आणि पाणी येईपर्यंत तसेच. तेव्हा एक ठिपका घातला, त्याला भाईंची वाट दिली, बांधासकट. बाकी नियम गावाला तोच त्याला: हाक आली की निघायचं, पाण्याने गाठलं की थांबायचं.

गाव असं निघालं की शहरांनी शिकावं. गर्दी नाही, चेंगराचेंगरी नाही. सत्यवानाचा ठिपका साकवावर होता, पण लोक एकेक घर करून येत असल्यामुळे त्यालाही वळसा घालून जात होते. सगळे सड्यावर पोचले आणि खाली एकच ठिपका उरला. तो शेवटच्या घरापर्यंत गेला, थांबला, मागे वळला आणि वेळेकडच्या पहिल्या घरापासून परत सुरुवात केली. पाणी आलं, घरं बुडाली. ठिपका पाण्यावरून चालत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लविनाचा फोन आला. बांद्याची ही मुलगी दुसऱ्याच्या चुका काढण्यात इतकी तरबेज की तिला त्याचाच पगार मिळे. तुझा एक माणूस बिघडलाय, तिने कळवलं. पाणी याला का थांबवत नाही ते तिलाही सापडलं नव्हतं. नियम तर लिहिलेला दिसत होता. पण तो बाहेर का पडत नाही, हे तिने एका नजरेत काढलं होतं.

“सगळे हाक आल्यावर निघतात ना? मग याला हाक कोण मारतो?” तिने विचारलं. “कोणीच नाही. मग तो कशाला निघेल?”

कौस्तुभने फोन ठेवला. पळणीच्या वेळी लहानपणी तो वासरं घेऊन कधीच साकवापलीकडे गेलेला असे. शेवटच्या घराशी काय होतं ते त्याने पाहिलंच नव्हतं. त्याने आईला विचारलं.

यशोदा कुळीथ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं. एवढा अभ्यास करून हा प्रश्न आज पडला का, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. हाक घेणाऱ्याचे, म्हणजे घरोघर हाक देत फिरणाऱ्याचे, पाय आपले आपण गाव सोडत नाहीत, तिने सांगितलं. त्याला शेवटच्या घरातून हाक लागते, बायकोची, आणि तीही नाव घेऊन. एरवी नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं. पण पळणीच्या दिवशी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उभी राहून ती ‘रे गंगाराम, भायर ये’ असं ओरडे, आणि पलीकडे उभ्या बाया तोंडाला पदर लावून हसत. हाक मात्र एकच मारायची. दुसरी मारली तर ‘इलंय’ म्हणणारा दुसराच कोणी असतो.

“आणि त्या दिसा मी फोंडाघाटाक होतंय,” ती म्हणाली. “तेंका कोणी बोलावल्यानच नाय. अजून फिरतत.”

कौस्तुभने काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं. तिने ते हातानेच बंद केलं. पळण झाली नव्हती तेव्हापासून. देव कौल देत नव्हता, आणि भरल्या गावात ही हाक लागत नाही. आता वादळ येऊ दे नाहीतर पळण. गाव रिकामं झालं की ते क्रमाने येतील, तेव्हा ती खळ्यात असेल आणि आपली हाक देईल. त्याआधी तिला इथून कोणी हलवायचं नाही. हे तिने भांडून नाही, उद्या दळण आणायचंय अशा सुरात सांगितलं, म्हणून कौस्तुभच्या अंगावर काटा आला. साकवाजवळचं घर सगळ्यात सखल. नकाशात पाणी सर्वांत आधी चढे ते तिथेच.

वादळ त्याच आठवड्यात आलं. दिवाळी होऊन गेली होती, भातं कापून झाली होती. सकाळी आभाळ पितळेच्या रंगाचं होतं आणि समुद्राचा आवाज थांबला होता. दुपारच्या आत शाळेजवळच्या नव्या खांबावरचा भोंगा वाजला. सत्यवान रिक्षात बसून, कर्ण्यावर शुद्ध मराठीत, नागरिकांनी त्वरित सुरक्षित स्थळी जावे, असं सांगत दोनदा फिरला. रिक्षा तिसऱ्यांदा आली तेव्हा तिच्यामागे एकही नागरिक नव्हता.

कौस्तुभ रस्त्यावर आला आणि जागीच थांबला. लोक जायला तयार होते. बोचकी बांधलेली, दिवे मालवलेले, पोरांना टोप्या घातलेल्या, गणपतच्या काखेत कोंबडासुद्धा. आणि सगळे आपापल्या उंबऱ्यावर उभे. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सगळे रस्त्याच्या वेळेकडच्या टोकाला बघत होते. कशाची वाट बघताय, म्हणून त्याने गणपतला हलवून विचारलं. गणपत ओशाळला, निघालोच म्हणाला, आणि निघाला नाही. हे चित्र कौस्तुभने पडद्यावर पाहिलेलं होतं. यापुढे पाणी येतं, तेही त्याला ठाऊक होतं.

रिक्षा, भोंगा, सरकार सगळं मागे टाकून तो वेळेकडच्या पहिल्या बेड्याशी गेला. काय करतोय याची लाज वाटत असतानाच त्याने हाक दिली. घरातला म्हातारा बाहेर आला, ‘इलंय’ म्हणाला आणि मागे न बघता चालू लागला. पुढचं घर. त्याच्या पुढचं. वारा उठला होता, माड वाकून उभे राहत होते, पण घरं एकेक करून अशी सुटत गेली की जणू शिवण उसवतेय. गणपतकडून तो बांधावरून आडवळणाला गेला. रोझालिना टीचर हातात किल्ली घेऊन उभ्या होत्या.

“उशीर केलंस,” त्या म्हणाल्या. मग वर्गात हजेरी द्यावी तसं, “इलंय.” कुलूप बघायला त्या परत फिरल्या नाहीत. कौस्तुभला तेवढ्यातही वाटलं, चला, एका ठिकाणी तरी आपला अंदाज चुकला.

माणसांबरोबर गुरं गेली, कुत्री गेली. साकवावर सत्यवान होताच, आणि लोक त्याला वळसा घालून जात होते. शेवटी कौस्तुभ स्वतःच्या बेड्यातून आत शिरला आणि ते मागे लावून घेतलं. खाडीचं पाणी कुंपणाच्या कडेला, जिभेने चाचपावं तसं, येऊन लागलं होतं.

यशोदा खळ्यात उभी होती. पदर खोचलेला, केस बांधलेले, पायात चपला.

“आये, भायर ये,” त्याने हाक दिली.

ती ‘इलंय’ म्हणाली नाही. “थांब जरा,” ती म्हणाली. “आयक.”

आधी नुसता वारा ऐकू आला. मग दूर, वेळेकडे, एक बेडं करकरलं. उघडलं. लागलं. थोड्या वेळाने दुसरं. वादळात फाटकं आपटतात, हे कौस्तुभने मनाशी म्हटलं, आणि आपटण्याचा आवाज असा नसतो, हेही त्याला कळलं. बेडी एकामागून एक उघडत होती, हळू लागत होती, पुढे येत होती. गणपतच्या घरापर्यंत आली. मग आवाज रस्ता सोडून डावीकडे, बांधापलीकडे गेला. टीचरचं बेडं वाजलं. आवाज परत रस्त्यावर आला.

पाणी खळ्यात आलं. चल, म्हणून कौस्तुभने आईचा हात धरला आणि साकवाच्या दिशेने पाऊल टाकलं. पाऊल पडलं नाही. कोणी धरलं नव्हतं, चिखल नव्हता. पायांना आपण सांगतोय ते त्यांना ऐकू जातंय, पण ते सांगणं त्यांच्यासाठी नाहीच, असं काहीतरी होतं. त्याने पुन्हा सांगून पाहिलं. घोट्याभोवती पाणी गार लागत होतं.

यशोदाने ते पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

“पाय उचलत नाय मा?” ती हळू म्हणाली. “हाक घेतलंस तू. आता तुकाव हाक व्हयी.”

घरात बाई एक. हाक एक. हा हिशेब खळ्यात दोघांच्या मधे उभा राहिला. शेजारचं बेडं उघडलं. लागलं.

मग त्यांचं स्वतःचं बेडं आत सरकलं. सावकाश, गुरं बिथरू नयेत म्हणून माणूस उघडतो तसं. पलीकडे पाऊस होता आणि पावसात कोणी नव्हतं. पण पाऊस पडत होता तो एका जागी जमिनीपर्यंत पोचत नव्हता.

यशोदा तिकडे बघत राहिली. तिच्या तोंडात एक नाव भरून आलं. ओठ त्याच्यासाठी उघडले. एवढी वर्षं ती याच एका क्षणासाठी जेवली, निजली, उठली होती. तिने कौस्तुभकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, परत बेड्याकडे पाहिलं. आणि ते नाव तिने गिळलं.

“रे कौस्तुभा,” ती ओरडली, एवढ्या मोठ्याने की सड्यावर ऐकू गेलं, असं लोक मागाहून सांगत. “भायर ये.”

“इलंय,” तो म्हणाला, आणि पाय सुटले.

बेडं तसंच उघडं राहिलं होतं, वाट द्यावी तसं. ती दोघं त्यातून बाहेर पडली, त्या कोरड्या जागेला अंग चोरून. यशोदा तिथून जाताना मान खाली घालून गेली, उधारी असलेल्या दुकानावरून माणूस जातो तशी. साकव पाण्याखाली जायला वीतभर उरला होता. ओलांडताना मागे बेडं लागल्याचा आवाज आला, आणि मग कडी सरकवल्याचा. वारा कडी लावत नाही. भाई लावत, वाटेत एक बेडं उघडं दिसलं तरी त्यांना चैन पडत नसे. मग दूर, वेळेकडच्या टोकाला, पहिलं बेडं पुन्हा करकरलं.

शाळेत रात्रभर कोणाला काही झालं नाही. गणपतचा कोंबडा भलत्या वेळी आरवून शिव्या खात राहिला. रोझालिना टीचरनी यशोदाला आपली शाल दिली.

सकाळी पाऊस ओसरला. सड्याच्या कडेवरून खाली गाव दिसत होतं, कौलांपुरतं. फोनला रेंज आली आणि पहिला फोन लविनाचा. सगळे सुखरूप का, हे तिने आधी विचारलं, आवाज जरा चढाच होता. मग म्हणाली, तो ठिपका अजून फिरतोच आहे. काढून टाकू का?

कौस्तुभने काढू नको म्हणून सांगितलं. तो असू दे. फक्त शेवटच्या घराला दोन हाका लिहून ठेव.

यशोदा शेजारी बसून खाली बघत होती. फोन ठेवल्यावर तिने कोण म्हणून विचारलं. ऑफिसातली, बांद्याची, तो म्हणाला. लग्न झालंय का तिचं, नाही, वगैरे चौकशी झाली. खाली, पाण्याने वेढलेल्या कौलांमधे, काहीतरी करकरत होतं.

“आवाज बरो आसा तिचो,” यशोदा म्हणाली. “मोठ्यान हाक मारता येता काय तिका?”